रेघेची जाडी

उत्तरायणाच्या दिवशी बडोद्याचे रस्ते ओस पडतात आणि सगळं गाव गच्चीवर असतं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची अगाशी काही मोठी नाही, पण तिथून पूर्वेचं आकाश मोकळं दिसतं आणि दिवे लागले की आजूबाजूच्या गल्ल्याही दिसतात. यंदा अंधार पडता पडता भाऊ मांज्याचा गुंता सोडवत बसला होता, वहिनी उंधियू गरम करायला खाली गेली होती आणि शेजारच्या गच्चीवरचा स्पीकर एकदाचा गप्प झाला होता. भाची मात्र कठड्याला टेकून, डोळ्यापुढे प्लास्टिकची एक चकचकीत पट्टी धरून उभी होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आणलेलं, उजेड रंगांत पसरवून दाखवणारं ग्रेटिंग होतं ते. त्यातून ती दिसेल तो दिवा तपासत होती. समोरच्या खांबावरच्या एलईडीचा सलग सप्तरंगी पट्टा झाला, कुणाच्या तरी जिन्यातल्या जुन्या सीएफएलचे सुटे सुटे रंग झाले. मग तिने पट्टी गल्लीच्या टोकाकडे वळवली. तिथे एका वखारीच्या आवारात जुन्या सोनेरी दिव्यांपैकी एक अजून टिकून आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, तू म्हणाली होतीस ना, सोडियमच्या दिव्यात पिवळी रेघ सगळ्यात ठळक असते? इथे तर तिच्या जागी काळी फट आहे."

मी पट्टी घेतली आणि बघितलं. तांबूस नारिंगीपासून हिरवटापर्यंत उजेड पसरला होता, पलीकडे एक निळसर हिरवी रेघ वेगळी उठून दिसत होती, आणि जिथे उजेड सर्वांत जास्त असायला हवा नेमकी तिथे अंधाराची उभी चीर. याचं कारण मला ठाऊक होतं, वर्गात शिकवलंही होतं. भाचीला मी ते दोन वाक्यांत सांगितलं, तिला पटलं, आणि ती तिळाची चिक्की मोडत खाली पळाली. मला मात्र ती चीर पुढे कितीतरी दिवस सोडत नव्हती. भांडी आवरताना, कमाटी बागेत फिरताना, मध्येच ती डोळ्यांपुढे यायची. आयुष्यभर ज्या रेघेला मी बारीक, नेमकी, सुईसारखी सरळ बघत आले, ती इथे इतकी फुगली होती की तिच्या पोटात अंधार मावला होता.

कॉलेजात प्रॅक्टिकलच्या दिवशी सोडियमचा दिवा आधीच लावून ठेवावा लागतो. बटण दाबल्यावर तो प्रथम लालसर गुलाबी उजळतो, कारण आत थोडा निऑन भरलेला असतो. सोडियमची वाफ व्हायला काही मिनिटं जातात आणि मग अंधाऱ्या खोलीत सगळ्यांचे चेहरे एकाच पिवळ्या रंगाचे होतात. लाल ओढणी आणि हिरवी ओढणी यांत फरक उरत नाही. स्पेक्ट्रोमीटरच्या नळीतून बघितलं की तो पिवळा रंग एका उभ्या रेघेत गोळा झालेला असतो, आणि ग्रेटिंग नीट बसवलं, दुसऱ्या क्रमाच्या वर्णपटात गेलं, की त्या एका रेघेच्या दोन होतात. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. ज्या मुलाला त्या दोन वेगळ्या दिसल्या, तो नळीला डोळा लावूनच ओरडायचा, "मॅडम, दिसल्या!" मी नुसत्या आवाजावरून ओळखायची की याची स्लिट, म्हणजे उजेड आत घेणारी झिरी, बरोबर लागली. कारण सगळी मेख त्या स्लिटमध्ये. स्क्रू जरा सैल राहिला तर रेघ जाड होते, दोन्ही रेघा एकमेकींत मिसळतात, आणि क्रॉसवायर कुठे ठेवायची ते कळेनासं होतं. "स्लिट बारीक कर" हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल त्याला हिशेब नाही. प्रयोगशाळेत जाडी म्हणजे उपकरणाची कसर, ती काढून टाकायची.

वखारीच्या दिव्याला मात्र स्लिट नव्हती. त्याच्या रेघेची जाडी दिव्याच्या आतूनच आलेली होती. आमच्या प्रयोगशाळेतल्या दिव्यात सोडियमची वाफ अतिशय विरळ असते. अणू उजेड सोडतो तेव्हा जवळपास एकटा असतो, त्याच्या ऊर्जेच्या पातळ्यांना कोणी धक्का लावत नाही, म्हणून प्रत्येक अणूचा पिवळा रंग हुबेहूब सारखा. रस्त्यावरच्या त्या सोनेरी दिव्यात वाफेचा दाब याच्या हजारो पट असतो. तिथे उजेड सोडणाऱ्या अणूला शेजारी सतत येऊन भिडतात. त्यांच्या जवळ येण्याने पातळ्या किंचित वरखाली होतात, कुणाचा पिवळा रंग जरा नारिंगीकडे झुकतो, कुणाचा जरा हिरव्याकडे, आणि अशा असंख्य अणूंची बेरीज म्हणजे ती फुगलेली रेघ. नळीच्या भिंतीलगतची वाफ थोडी थंड असते. ती रेघेच्या नेमक्या मधला रंग गिळून टाकते. भाचीला दिसलेली काळी फट ती हीच. म्हणजे तो दिवा उघडून न बघता, त्याच्याजवळही न जाता, नुसत्या रेघेच्या जाडीवरून आतली दाटी कळते. गल्लीच्या टोकाशी असो की हजार प्रकाशवर्षांवर, ही युक्ती सारखीच चालते.

आणि इथे मला आप्पा आठवले.

माझे वडील एका कापड गिरणीच्या रंगखात्यात होते. त्यांचं शिक्षण कलाभवनातलं. १८९० साली सुरू झालेल्या त्या संस्थेने बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांना रंग, यंत्रं आणि छपाई यांवर पोटं भरायला शिकवलं. आप्पांच्या बोटांच्या नखांत कुठला ना कुठला रंग कायम असे. जेवायच्या आधी ते लिंबाच्या फोडीने नखं घासत, तरी निळा पूर्ण जात नसे. उन्हाळ्यात आम्ही याच अगाशीवर झोपायचो. पाणी मारून थंड केलेल्या फरशीचा ओलसर वास, मच्छरदाणीची दोरी, आणि पहाटेकडे डोक्यावर आलेले अभिजित, हंस, श्रवण. नावं त्यांनीच शिकवली. नावं सांगून झाली की ते हमखास म्हणायचे, "पण केवढा असेल गं हा?" उत्तराची त्यांना अपेक्षा नसे. रंग सांगता येतो, तेज सांगता येतं, पण आकार? दुर्बिणीतूनही ठिपका तो ठिपकाच राहतो. मोठी दुर्बीण लावली तर ठिपका जास्त तेजस्वी होतो, एवढंच.

अभिजित आणि हंस दोघेही पांढरे, दोघांचं तापमान फार वेगळं नाही, दोघांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या काळ्या रेघा ठसठशीत. पण अभिजितच्या रेघा रुंद, पसरलेल्या, कडा पुसट झालेल्या. हंसाच्या रेघा त्या मानाने सडसडीत. हा फरक नोंदवायला एक बाई लागली. हार्वर्डच्या वेधशाळेत अँटोनिया मॉरी काचेच्या प्लेटा भिंगाखाली धरून ताऱ्यांचे वर्णपट वाचत असे. १८९७ साली तिची वर्गवारी छापली गेली. इतर लोक कुठल्या रेघा आहेत एवढंच बघत होते, तिने त्या कशा दिसतात हेही लिहून ठेवलं, आणि ज्यांच्या रेघा विशेष बारीक आणि रेखीव त्यांना तिने 'सी' हे वेगळं अक्षर दिलं. वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांना तिची पद्धत फार किचकट वाटे; पुढे हार्वर्डमध्ये जी वर्गवारी रूढ झाली तिच्यात ते अक्षर उरलं नाही. पण डेन्मार्कमध्ये रसायनाच्या कारखानदारीचं शिक्षण घेतलेला एक माणूस, आयनर हर्ट्झस्प्रुंग, तिची यादी घेऊन बसला. १९०५ साली त्याने दाखवलं की 'सी' अक्षराचे तारे आकाशात जवळपास हलतच नाहीत. म्हणजे ते फार लांब असले पाहिजेत, आणि एवढ्या लांबून इतके तेजस्वी दिसतात म्हणजे मुळात प्रचंड असले पाहिजेत. नंतर पिकरिंगना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं की हा फरक सोडून देणं म्हणजे देवमासा आणि मासा यांतला भेद कळल्यावरही प्राणिशास्त्रज्ञाने दोघांना एकाच वर्गात ठेवत राहण्यासारखं आहे.

हे मी एम्.एस्सी.ला असताना वाचलं आणि घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते ताटावर बसले होते. घास हातात तसाच राहिला आणि ते म्हणाले, "म्हणजे रंग सारखा, पण कड वेगळी?" रंगखात्यातल्या माणसाने बरोबर कडेवर बोट ठेवलं होतं. त्या एका प्रश्नाचा मला आजही फार अभिमान वाटतो.

कड वेगळी होते ती वजनामुळे. म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठभागावर वस्तूला जे वजन जाणवेल त्यामुळे. तारा जितका फुगलेला तितका त्याचा पृष्ठभाग केंद्रापासून लांब, आणि गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होतं. सूर्याच्या पृष्ठभागावर ते पृथ्वीच्या २८ पट आहे. तिथे काही वरून सोडलं तर पहिल्या सेकंदात ते १३७ मीटर खाली जाईल. मृगातल्या तांबूस काक्षीवर तेच गुरुत्व पृथ्वीच्या हजाराव्या भागाच्या आसपास आहे. तिथे पहिल्या सेकंदात वस्तू जेमतेम अर्धा सेंटीमीटर खाली येईल. हा आकडा मी दर वर्षी फळ्यावर लिहायची आणि दर वर्षी वर्गात क्षणभर शांतता पसरायची. ज्या ताऱ्याची खाली ओढण्याची ताकद इतकी क्षीण, त्याचं वातावरण दाबलं जात नाही, विरळ राहतं. अणू मोकळे, शेजाऱ्यांचा त्रास कमी, रेघा बारीक. लहान ताऱ्यावर वातावरण घट्ट दाबलेलं, विद्युतभारित कण एकमेकांच्या अगदी जवळ, आणि त्यांच्या विद्युतक्षेत्राने हायड्रोजनच्या पातळ्या हलतात. योहानेस श्टार्कने १९१३ साली प्रयोगशाळेत विद्युतक्षेत्रामुळे रेघा फुटताना पाहिल्या, तोच परिणाम ताऱ्यात रेघ पसरवतो. म्हणून अभिजित, जो सूर्याच्या अडीच पटींच्या आसपास आहे, त्याच्या रेघा रुंद. आणि हंस, सूर्याच्या सुमारे दोनशे पट, त्याच्या रेघा बारीक. १९२० साली मेघनाद साहांच्या समीकरणाने कुठल्या तापमानाला आणि दाबाला कोणत्या रेघा उमटतील याचा उलगडा केला, आणि १९४३ साली मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी राक्षसी ताऱ्यांपासून सूर्यासारख्या ताऱ्यांपर्यंत पाच वर्ग पाडले ते बहुतांशी रेघांच्या या रूपावरूनच.

याचं दुसरं टोक व्याधाजवळ आहे. व्याधाचा जो मिणमिणता जोडीदार, तो वस्तुमानाने सूर्याएवढा आणि आकाराने पृथ्वीएवढा. तिथलं गुरुत्व पृथ्वीच्या साडेतीन लाख पटींहून जास्त. त्याच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेघा इतक्या रुंद असतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला त्या रेघा वाटतच नाहीत, पट्ट्यावर पडलेल्या लांबट सावल्या वाटतात. त्या आलेखाची पहिली छापील प्रत माझ्या हातात आली तेव्हा मी बोट त्या उतारावरून हलकेच फिरवून पाहिलं होतं. सूर्याएवढं ओझं एवढ्याशा गोळ्यात कोंबलं आहे, आणि त्या कोंबण्याचा ताण कागदावर असा तिरका उतरला आहे, हे बोटाखाली जाणवत होतं असं मला खरंच वाटलं.

इथवर सगळं सरळ आहे. जाड रेघ म्हणजे लहान तारा, बारीक रेघ म्हणजे मोठा. एवढ्यावर थांबावं, तर श्रवण आडवा येतो.

बडोद्यात राहणाऱ्याने नवरात्रातला मोठा गरबा मैदानाच्या कडेला उभं राहून एकदा तरी पाहिलेला असतो. हजारो माणसं रिंगणात फिरत असतात. एका बाजूची आपल्याकडे येत असतात, दुसऱ्या बाजूची आपल्यापासून दूर जात असतात, आणि समोरची आडवी सरकतात. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा त्याच्या दोन कडांचं हेच होतं. आपल्याकडे येणाऱ्या कडेच्या उजेडातल्या रेघा निळ्याकडे सरकतात, जाणाऱ्या कडेच्या तांबड्याकडे. तारा आपल्याला ठिपकाच दिसत असल्यामुळे दोन्ही कडांचा उजेड एकत्रच येतो, आणि सगळ्यांची मिळून एक रुंद, उथळ रेघ तयार होते. रेघेच्या रुंदीवरून ताऱ्याच्या फिरण्याचा वेग काढता येईल हे १८७७ सालीच कॅप्टन ॲबनीने सुचवलं होतं. त्या वेळी फोगेलसारख्या जाणकाराने ते मानलं नाही. त्याचा आक्षेप असा की एकाच ताऱ्याच्या वर्णपटात काही रेघा रुंद आणि काही बारीक दिसतात, फिरण्याने तर सगळ्याच रुंद व्हायला हव्यात. आक्षेप चुकीचा नव्हता, कारण हायड्रोजनच्या रेघा दाबानेही रुंद होत होत्या आणि दोन कारणं एकमेकांत गुंतली होती. ती सुटी व्हायला फार काळ गेला. १९२९ साली शाइन आणि स्त्रूव्ह यांनी हा विषय पुन्हा पायावर उभा केला. श्रवण स्वतःभोवतीची एक फेरी दहा तासांच्या आत पुरी करतो. त्याच्या रेघा विस्कटून गेल्या आहेत त्या या वेगाने, आणि २००७ साली अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून त्याचं चित्र काढलं तेव्हा तो मधोमध फुगलेला, चपटा दिसला.

आता यातून आकार कसा निघतो ते मला सगळ्यात आवडतं, कारण त्याला शाळेतलं गणित पुरतं. ताऱ्यावर डाग असतील तर त्याचं तेज ठरावीक दिवसांनी कमीजास्त होतं, आणि त्यावरून एका फेरीला लागणारा काळ कळतो. रेघेच्या रुंदीवरून कडेचा वेग कळतो. वेग गुणिले काळ म्हणजे परीघ. सूर्यावर करून बघा. विषुववृत्ताजवळ एका फेरीला सुमारे २५ दिवस, कडेचा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर. २५ दिवसांचे सेकंद २१ लाख ६० हजार. दुप्पट केले की परीघ ४३ लाख २० हजार किलोमीटर. त्याला २π ने भागलं की त्रिज्या ६ लाख ८७ हजार किलोमीटर येते. सूर्याची खरी त्रिज्या ६ लाख ९६ हजार. वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीने! ज्या ताऱ्याचा नुसता ठिपका दिसतो त्याच्याभोवती दोरी गुंडाळून बघितल्याचा आनंद या चार ओळींत आहे, आणि मी तो दर वर्षी नव्याने घेतला.

एक अट मात्र आहे. तारा आपल्याकडे डोकं करून असेल तर त्याचा कुठलाच भाग आपल्याकडे येत नाही की दूर जात नाही, आणि वेग दिसतच नाही. अभिजित तसाच आहे. तो जोरात फिरतो, पण त्याचा ध्रुव जवळजवळ आपल्याकडे असल्याने धातूंच्या रेघा फसव्या बारीक दिसतात. त्यामुळे या पद्धतीने मिळणारी त्रिज्या म्हणजे 'निदान एवढी तरी' अशी असते. त्याच अभिजितच्या हायड्रोजनच्या रेघा दाबाने रुंद, आणि लोखंडाच्या रेघा कललेपणाने बारीक. एकाच ताऱ्यात, एकाच प्लेटवर. रुंदी मोजणं हे काम अवघड नाही. ती कुणी केली हे ओळखताना खरा कस लागतो, आणि या विषयात मला जी गोडी आहे ती सगळी इथेच आहे.

वेणू बाप्पूंची गोष्ट म्हणूनच मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेच्या आवारात वाढलेला हा मुलगा हार्वर्डला गेला, १९४९ साली दोन सहकाऱ्यांसह त्याने एक धूमकेतू शोधला, आणि पुढे कॅलिफोर्नियात ऑलिन विल्सन यांच्याबरोबर थंड ताऱ्यांच्या वर्णपटातली कॅल्शियमची 'के' रेघ तपासायला घेतली. जांभळ्या टोकाला, ३९३ नॅनोमीटरच्या थोडं पुढे, ही रेघ म्हणजे एक खोल काळी दरी असते, आणि तिच्या तळाशी एक बारीकशी उजळ रेघ चमकते. ती येते ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या तापलेल्या पातळ थरातून. विल्सन आणि बाप्पूंनी त्या उजळ रेघेची रुंदी मोजली आणि १९५७ साली मांडलं की तारा मुळात जितका तेजस्वी, तितकी ही रेघ रुंद. आणि हा नियम तेजाच्या १५ प्रतींच्या पल्ल्यात, म्हणजे दहा लाख पटींच्या फरकात, टिकतो. तापमान ठाऊक असलं की तेजावरून आकार निघतो. पण लक्षात घ्या, इथे दिशा उलटी आहे. काळी रेघ मोठ्या ताऱ्यात बारीक होते, आणि तिच्याच शेजारची ही उजळ रेघ मोठ्या ताऱ्यात रुंद होते. याचं कारण काय यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. बाप्पू त्या वादात अडकून बसले नाहीत. १९६० साली त्यांनी कोडाईकनालची वेधशाळा हाती घेतली, मग जवादीच्या डोंगरात कावलूरला नवी उभी केली. तिथल्या मोठ्या दुर्बिणीला आज त्यांचं नाव आहे. ती पुरी होण्याआधीच, १९८२ मध्ये, ते गेले.

ताऱ्यांच्या पलीकडे गेलं तरी हाच खेळ. तारे जिथे जन्मतात त्या थंड ढगांत तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दहा अंश वर असतं, तेव्हा रेघा अगदी केसाएवढ्या असायला हव्यात. त्या नसतात. १९८१ साली रिचर्ड लार्सन यांनी दाखवलं की ढग जितका मोठा तितकी त्याची रेघ रुंद, कारण मोठ्या ढगात खळबळही मोठी. आख्ख्या दीर्घिकेचं तर गणितच वेगळं. नारायणगावाजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या उभ्या आहेत, हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची रेघ ऐकणं हे त्यांच्या कामांपैकी एक. फिरत्या दीर्घिकेत ती रेघ, रुंदी वेगात सांगायची तर, दोन्हीकडे सेकंदाला शेकडो किलोमीटरइतकी पसरते, आणि १९७७ साली टली आणि फिशर यांनी सांगितलं की जितकी रुंद तितकी दीर्घिका तेजस्वी. तेज कळलं की अंतर, अंतर कळलं की आकार. क्वेसार म्हणजे गाभ्यातल्या कृष्णविवरामुळे झगझगणारी दूरची दीर्घिका; तिच्या गाभ्यात पुन्हा सगळं उलटं होतं. तिथे सर्वांत रुंद रेघा, सेकंदाला हजारो किलोमीटरच्या, कृष्णविवराला खेटून फिरणाऱ्या सर्वांत आतल्या वायूतून येतात. बाहेरच्या पसरट भागातल्या रेघा बारीक. ३सी २७३ या क्वेसारमधला तो आतला भाग २०१८ साली चिलीतल्या चार दुर्बिणी जोडून प्रत्यक्ष मोजला गेला, त्याची त्रिज्या प्रकाशाच्या सुमारे दीडशे दिवसांच्या प्रवासाएवढी निघाली.

काक्षीकडे मी मुद्दाम शेवटी वळते आहे. ठिपक्याचा आकार थेट मोजला गेला असा सूर्याखेरीजचा पहिला तारा तोच. डिसेंबर १९२० मध्ये मायकेलसन आणि पीज यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर आडवी तुळई बसवून त्याचा कोनीय व्यास ०.०४७ विकला काढला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आज तो सूर्याच्या कितीतरी शेकडो पट मोठा मानला जातो. अलीकडे चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने त्याच्या एका बाजूच्या रेघा निळ्याकडे आणि दुसऱ्या बाजूच्या तांबड्याकडे सरकलेल्या पाहिल्या, आणि त्यावरून तो सेकंदाला पाचएक किलोमीटरने फिरतो असं २०१८ साली मांडलं गेलं. इतक्या फुगलेल्या म्हाताऱ्या ताऱ्याला हा वेग फार होतो. फुगताना फिरणं मंदावायला हवं. तेव्हा त्याने कधीकाळी आपला एखादा जोडीदार गिळला असावा, असाही तर्क निघाला. मग २०२४ साली दुसऱ्या एका गटाने संगणकावर न फिरणारा काक्षी तयार केला. त्याच्या पृष्ठभागावर उकळून वर येणारे आणि खाली बुडणारे वायूचे लोट इतके अवाढव्य होते की त्यांतला एक मोठा लोट एका बाजूने वर येत असला आणि दुसरा दुसरीकडे खाली जात असला, तर अंधूक चित्रात ते फिरण्यासारखंच दिसेल. फिरणं आणि उकळणं यांत रुंदीतला कुणाचा वाटा किती, हे ठरवायला आणखी बारकाईची चित्रं लागतील आणि तीही वेगवेगळ्या वर्षांतली: लोट बदलत राहतील, फिरणं बदलणार नाही. ती निरीक्षणं यायची आहेत. भाचीला मी सांगून ठेवलं आहे की आली की आधी मला कळव, मग तुझ्या वर्गाला.